धुतलेली रेशमी साडी परत आली आणि भरपाई माझ्या पगारातून. अशा वेळी काय करावे?

प्रश्न

मी एका जिल्ह्याच्या गावी साड्यांच्या दुकानात काउंटरवर काम करते. लग्नसराईत एका ताईंनी माझ्याकडून मोतिया रंगाची, राणी काठाची रेशमी साडी नेली होती. काही आठवड्यांनी त्यांनी ती परत आणली, तेव्हा काठाचा रंग साडीच्या अंगावर उतरलेला होता, फॉल-पिको झालेले होते आणि घडी उघडताच धुण्याच्या पावडरीचा वास आला. साडी ड्रायक्लीनच करावी असे मी बांधून देताना तोंडी सांगितले होते, परंतु त्यांनी ते साफ नाकारले आणि भरल्या दुकानात, ‘या मुलीने खोटा माल आमच्या गळ्यात मारला,’ असे मोठ्याने सांगितले. गर्दी पाहून शेठनी पूर्ण पैसे परत दिले आणि रात्री दुकान वाढवताना ती रक्कम माझ्या पगारातून हप्त्याने कापण्यात येईल, असे मला कळवले. त्यानंतर त्या ताईंनी दुकानाच्या गूगल पानावर माझे नाव घेऊन एक तारा दिला. पगार कापणे योग्य आहे का, आणि पुढे असा प्रसंग आला तर तो कसा हाताळावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (साडीच्या व्यापारात उभी हयात घालवलेले, आता निवृत्त)

ताई, आपल्यावर अन्याय झाला आहे, यात मला शंका वाटत नाही. तरीही पहिली गोष्ट अशी की, गिऱ्हाईक कितीही चढ्या आवाजात बोलत असले, तरी साडी पूर्ण उलगडून पाहण्याआधी ‘हे आमच्याकडून झालेले नाही’ हे वाक्य उच्चारू नये. त्यांना गर्दीपासून दूर गादीवर बसवावे, पाणी द्यावे, बिल मागून घ्यावे आणि साडी दाराजवळ, दिवसाच्या उजेडात, पदरापासून निऱ्यांपर्यंत त्यांच्यासमोरच उलगडावी. दुकानातील पिवळ्या दिव्यांखाली रंगाचा निवाडा होत नाही.

कापड स्वतःच बरेच काही सांगते. घामाने उतरलेला रंग कमरेपाशी आणि काखेच्या बाजूला असतो. अत्तराचे डाग ठिपक्याठिपक्यांनी येतात आणि तेथील जर काळवंडते. पाण्यात बुडवलेल्या साडीचा रंग मात्र काठाच्या संपूर्ण लांबीभर सारखा पसरतो आणि वाळताना पडलेल्या पाण्याच्या रेघा दिसतात. रेशीम हा प्राणिज धागा असल्याने धुण्याच्या पावडरीतील क्षार त्याला सोसत नाहीत. त्याची चमक जाते आणि हात फिरवल्यास कापड कोरडे, खरखरीत लागते. उलट धागा सुटणे किंवा बुट्टी अर्धवट राहणे हे विणकरीतील दोष आहेत आणि त्यांची जबाबदारी आपलीच आहे.

आता निर्णायक भाग. त्याच लॉटमधील न विकलेली साडी काढावी आणि पांढऱ्या रुमालाचे एक टोक कोरडे, दुसरे किंचित ओले करून तिच्या काठावर घासावे. कोरड्या रुमालालाच रंग लागला, तर रंगाई कच्ची आहे, गिऱ्हाईक खरे बोलत आहे आणि तो लॉट पुरवठादाराकडे परत गेला पाहिजे. रुमाल कोरडा असताना स्वच्छ राहिला आणि ओला केल्यावरच रंगला, तर तो रुमाल समोर ठेवून शांतपणे सांगता येते की हा रंग पाण्याने सुटला आहे. अन्यायाच्या वाटणाऱ्या तक्रारींपैकी काही या परीक्षेत खऱ्या ठरतात, म्हणूनच ती प्रत्येक वेळी करावी, असे मी आग्रहाने सांगतो.

राहिला प्रश्न तोंडी सूचनेचा. रेशमी मालाच्या बिलावर ‘फक्त ड्रायक्लीन’ हा शिक्का मारून त्याखाली गिऱ्हाइकाची सही घ्यावी, म्हणजे ‘सांगितलेच नाही’ हा वाद उरत नाही.

उत्तर (ठाणे, तयार कपड्यांच्या दालनात काम करणारी)

काकांचे बाकी सर्व म्हणणे मान्य आहे, परंतु लग्नसराईच्या रविवारी एका काउंटरवर चार कुटुंबे बसलेली असताना प्रत्येक बिलावर सही घेणे शक्य होत नाही. शिक्का जरूर असावा. त्याशिवाय सूचनेची चिठ्ठी साडीच्या घडीतच ठेवावी, कारण साडी नेसणारी आणि धुणारी व्यक्ती अनेकदा वेगळी असते आणि बिल तिच्या हाती कधी पडतच नाही.

अभिप्रायाबद्दल माझे मत ठाम आहे: त्याला आपण स्वतःच्या खात्यावरून उत्तर देऊ नये. उत्तर दुकानाच्या नावाने, दोन-तीन वाक्यांत जावे. उदाहरणार्थ, ‘आपली गैरसोय झाली याचे वाईट वाटते. साडी पाण्यात धुतल्याचे आम्हाला आढळले, तरीही आपल्या विनंतीवरून पूर्ण रक्कम परत केली आहे. कर्मचाऱ्याचे नाव काढून टाकावे, ही विनंती.’ असे लिहिले की पुढे वाचणाऱ्याला दोन्ही बाजू कळतात. चारचौघांत आपल्याला खोटे ठरवले जात असताना शेठ आपल्या बाजूने एक शब्द बोलले नाहीत, ही मला पैशांपेक्षा मोठी गोष्ट वाटते आणि ती त्यांना एकांतात, परंतु स्पष्टपणे सांगावी.

उत्तर (वकील, कामगार व ग्राहक प्रकरणे)

दोन कायदे येथे लागू होतात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापल्याने दुकानदार त्यातून सुटत नाही. परंतु येथे ‘सदोष’ हा शब्द महत्त्वाचा आहे. चुकीच्या पद्धतीने धुऊन बिघडलेला माल त्यात बसत नाही. वाद जिल्हा ग्राहक आयोगापुढे गेला आणि तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग मालाचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून अशी साडी परत घेतल्यास ती फेकू नये. तारीख लिहून, छायाचित्रांसह जपून ठेवावी.

पगाराबाबत वेतन संहिता, २०१९ पाहावी. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. कलम १८ मध्ये ज्या कपातींना परवानगी आहे, त्यांत कर्मचाऱ्याकडे सांभाळण्यासाठी सोपवलेल्या मालाचे नुकसान येते, तेही त्याच्या हलगर्जीपणामुळे थेट झालेले असेल तरच. शिवाय कलम २१ प्रमाणे कपातीपूर्वी कर्मचाऱ्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. साडी ग्राहकाच्या घरी बिघडली आणि पैसे परत देण्याचा निर्णय मालकाने स्वतः घेतला, त्यामुळे माझ्या मते ही कपात त्या कलमात बसत नाही. तिला दंड म्हटले तरी दंडाची मर्यादा त्या वेतनकाळातील वेतनाच्या ३ टक्के इतकीच आहे. आपण शेठना वादाचा सूर न लावता लेखी अर्ज द्यावा, त्यात साडीची स्थिती व तोंडी दिलेली सूचना नमूद करावी आणि प्रतीवर पोच घ्यावी. कपात तरीही झाली, तर ती पोच आणि पगारपत्रक घेऊन जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची आभारी आहे. ती साडी अजून गोदामातच असल्याचे आज कळले. उद्या सकाळी, गिऱ्हाइकांची वर्दळ सुरू होण्याआधी, त्याच लॉटमधील दुसऱ्या साडीवर रुमालाची परीक्षा शेठच्या समोर करणार आहे आणि अर्ज त्यानंतरच त्यांच्या हाती देणार आहे.