मदत हवी आहे : एचिंगवर तांबूस ठिपके उठलेत

नमस्कार मंडळी. काकांच्या म्हापशाच्या घरातून एक एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून कागदावर हाताने छापलेलं चित्र) माझ्याकडे आलं आहे. किनाऱ्यावरचं गाव: चार माड, वर ओढून ठेवलेली होडी, एक कौलारू घर. माणूस एकही नाही. ऐन दुपारी मांद्र्याला असतं तसं सामसूम. पाणी जवळजवळ काढलेलंच नाही, कागद कोरा सोडलाय, तरी ओहोटी कळते! खाली पेन्सिलने ७/२५ (म्हणजे पंचवीस प्रतींपैकी सातवी) आणि मला न लागणारी सही. भिंग धरलं तर होडीच्या सावलीत आडव्याउभ्या रेघांची बारीक जाळी दिसते, आणि चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची खाच आहे. म्हणजे छापील नक्कल नसावी ना? (नकलेवरही खोटी खाच मारतात म्हणे.)

खरी अडचण वेगळीच. यंदाच्या पावसात आकाशाच्या भागात तांबूस ठिपके उठलेत. कागद थेट काचेला टेकलेला, मागे साधा पुठ्ठा. फ्रेमवाला म्हणतो, "ब्लीच लावून देतो." माझं धाडस होत नाही. पणजी-मडगावकडे कागदावरची चित्रं दुरुस्त करणारं कोणी माहीत आहे का? तोवर दमट भिंतीवरून उतरवून आम्लमुक्त माउंट (काच आणि कागदात अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) घालू, की फ्रेम उघडायचीच नाही?