अनुभव धागा : सायकलला मोटर, तयार किट की सुटे भाग जुळवून?

घरातल्याच सायकलला मोटर बसवायची झाली तर तयार किट घ्यावं की मोटर, कंट्रोलर (मोटरला किती वीज जायची ते ठरवणारी पेटी), फ्रीव्हील (एकाच दिशेला पकड धरणारी मागची चक्री), बॅटरी सुटी आणून जुळवावी, याची नेमकी माहिती मराठीत एका जागी सापडत नाही. म्हणून हा धागा. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी मापांसकट लिहावं, काय बिघडतं आणि का बिघडतं तेही लिहावं. 'मस्त चालते' एवढ्याने पुढच्या माणसाला काहीच कळत नाही.

माझं मत आधीच सांगतो. मोटर आणि कंट्रोलर जोडीनेच, एकाच ठिकाणाहून घ्या. पण किटच्या खोक्यात असतं ते निम्मंच काम. मोटर फ्रेमला धरून ठेवणारी पट्टी, चेनची रेषा, आसाची पकड, बॅटरीची पेटी हे उरलेलं निम्मं आपल्यालाच करावं लागतं आणि किट फसतं ते नेमकं तिथे.

दुकानदार_सातारा

किट मागवण्याआधी चाकाचे आरे मोजा. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यातच बसणारी मोटर, सहसा ३६ भोकांची येते. म्हणजे जुनी रिम कामाची नाही, ३६ भोकांची नवी घ्यावी लागते. हे न बघता मोटर मागवली की ती महिनोन्महिने कपाटात पडून राहते.

दुसरं, काळ्या सायकलचे रॉड ब्रेक. किटमधल्या ब्रेक लिव्हरमध्ये मोटर बंद करणारा छोटा स्विच असतो, पण तो लिव्हर केबलवर चालतो. रॉड ब्रेकला तो लागत नाही. केबलचे कॅलिपर किंवा व्ही-ब्रेक बसवायची तयारी ठेवा. रिम ओली झाली की रॉड ब्रेक आधीच कमी धरतो, त्यात मोटर आणि बॅटरीचं वजन वाढलेलं.

तिसरं, कॉटर पिनची क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा आसावर पाचरीने धरलेला. पेडल फिरतंय का ते ओळखणाऱ्या सेन्सरची चुंबकाची चकती चौकोनी आसासाठी केलेली असते, कॉटरच्या गोल आसावर ती फिरत राहते. दोन तुकड्यांत उघडणारी चकती मिळते, ती घ्या.

या तीन गोष्टी बघितल्या तर गिअरवाली, केबल ब्रेकची साधी स्टीलची सायकल मोटरसाठी सगळ्यात सोयीची. ॲल्युमिनियमचा किंवा शॉकॲब्सॉर्बरचा पुढचा फोर्क असेल तर पुढच्या हब मोटरचा विचार सोडून द्या.

आटे_आणि_वॉशर

२४ व्होल्ट, २५० वॅटची ब्रशवाली गिअर मोटर बसवणाऱ्यांसाठी. बाजारात ती एमवाय१०१६झेड या नावाने मिळते. आतल्या गिअरमुळे बाहेरच्या दांड्याचा वेग मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या आसपास येतो आणि त्यावर ९ दात्यांची पिनियन (छोटी चक्री) असते. चाकाकडे १८ दाते घेतले तर चाक १५० फेरे फिरतं. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर, म्हणजे वेग ताशी साडेअठरा किलोमीटर. १६ दाते घेतले तर २१. एवढं गणित कागदावर आधी करा, मग फ्रीव्हील आणायला जा.

खरी अडचण पुढेच आहे. एकाच फ्रीव्हीलवर दोन चक्र्या वेल्डिंग केलेला तुकडा विकतात, त्यात मोटर चालू झाली की पेडल फिरतात आणि पेडल मारलं की मोटर फिरते. बॅटरी संपल्यावर ती सायकल ओढणं म्हणजे शिक्षा आहे. मोटर आणि पेडल यांना वेगवेगळं फ्रीव्हील हवं.

त्यासाठी लोक मोटर डाव्या बाजूला घेतात. तिथे नेहमीचं फ्रीव्हील चालत नाही. एक तर त्याचे आटे मोटरच्या जोराने उलगडतात. दुसरं म्हणजे उलटं बसवल्यामुळे आतली कुत्री (पकड धरणारे खटके) पुढच्या दिशेला धरतच नाहीत, नुसती टकटक करतात. डाव्या बाजूचं म्हणून वेगळं फ्रीव्हील मिळतं, तेच मागा आणि हबही डाव्या आट्यांचा घ्या. नेहमीच्या फ्रीव्हीलला वेल्डिंगचा टाका मारून काम भागवणारे आहेत. तसं करू नका. आट्यांचा प्रश्न टाक्याने सुटला तरी कुत्र्यांचा तसाच राहतो.

ब्रशवाल्या मोटरची दिशा उलटी करायला दोन जाड वायरींची अदलाबदल पुरते. पिनियनचा नट मात्र उलट दिशेला सैल होतो का ते पहिल्या फेरीनंतर बघा.

चेनला मध्यावर बोटाने दाबून १० मिलिमीटरच्या आसपास ढील ठेवा. पट्टीला लांबट खाच पाडा आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) वापरा. साधा नट आणि स्प्रिंग वॉशर खडबडीत रस्त्यावर टिकत नाही, मोटर पुढे सरकते, चेन पडते आणि आऱ्यांत अडकते. पट्टी ५ मिलिमीटर जाडीची एम.एस.ची (साध्या पोलादाची) घ्या. ३ मिलिमीटरची पट्टी हाताला मजबूत वाटते, पण मोटरने जोर लावला की पीळ खाते. चेन फक्त चढावर पडत असेल तर दोष पट्टीचा समजा.

लेथवाला

गिअर नसलेली एमवाय१०१६ स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्यांनी हे वाचा. तिचा वेग मिनिटाला २६५० फेरे, चाकाला हवेत १८० च्या आत. म्हणजे जवळपास १५ पट कमी करायचा. ११ दात्यांच्या पिनियनला एका टप्प्यात ते करायचं तर १६० च्या वर दाते लागतात. पाव इंची चेनवरही ते चक्र फूटभर व्यासाचं होतं.

म्हणून मधला दांडा घालावा लागतो. १५ मिलिमीटरचा दांडा, दोन ६२०२ बेअरिंग, मोटरकडून पाव इंची चेन, चाकाकडे अर्धा इंची. बेअरिंगची दोन्ही घरं एका पट्टीवर, एकाच सेटिंगमध्ये बोअर करून घ्या. वेगवेगळी करून वेल्डिंग केलीत तर उष्णतेने ती वाकडी होतात आणि दांडा हाताने फिरवताना जड लागतो. लेथ ओळखीचा असेल आणि शिकायची हौस असेल तर जरूर करा. पैसे वाचवायला करू नका, गिअर मोटर घेतलेली परवडते.

चाक_बांधणी

हब मोटरमध्ये चेनची कटकट नाही, त्याऐवजी दोन ठिकाणी डोकं लावावं लागतं.

पहिलं, आसाची पकड. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तेवढ्याच जोराने आस मागे फिरू बघतो. आसाच्या सपाट बाजूंमध्ये १० मिलिमीटर अंतर असतं. ३० न्यूटन-मीटरचा जोर आला तर त्या कडांवर ३०० किलोंच्या वर भार पडतो. तो फोर्कच्या पातळ पत्र्याने पेलायचा असतो. खाच उघडली की आस फिरतो, त्यातून जाणाऱ्या वायरी पिळून तुटतात, पुढचं चाक असेल तर चाकच सुटतं. त्यामुळे टॉर्क आर्म पाहिजेच. ६ मिलिमीटर पोलादी पट्टीत नेमकी १० ची खाच, आसावर हलवली तरी खडखड येऊ नये, आणि पट्टीचं दुसरं टोक फोर्कला पक्कं. किटसोबत येणारी पातळ वॉशरसारखी पट्टी हा टॉर्क आर्म नव्हे. देशी फोर्कची खाच बऱ्याचदा १० पेक्षा अरुंद असते. कानस लावायची तर दोन्ही बाजूंनी थोडी थोडी, आणि खाचेचा गोल तळ गोलच ठेवा. तळाशी कोपरा पडला की तिथूनच तडा जातो.

दुसरं, आरे. मोटरचा फ्लँज (आरे अडकवायच्या भोकांची कडा) मोठा, त्यामुळे नेहमीचे २६० मिलिमीटरचे आरे लांब पडतात. एक उदाहरण देतो : रिमचा आतला व्यास ५४०, फ्लँजवर भोकांचा व्यास १४०, मध्यापासून फ्लँज २५ मिलिमीटर. एक क्रॉस बांधणीला (प्रत्येक आरा दुसऱ्या एकाच आऱ्याला ओलांडतो) आरा साधारण २०६ चा लागतो. सवयीने तीन क्रॉस बांधलात तर आरा रिममध्ये तिरका शिरतो, निपलच्या (आरा रिमला कसणाऱ्या नटाच्या) तोंडाशी वाकतो आणि तिथेच तुटतो. एकच क्रॉस बांधा. आरे कापून नवे आटे पाडून देणारे कारागीर अजून आहेत, पण आटे रोल केलेले हवेत, डायने कापलेले लवकर तुटतात. आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढून झाल्यावर ५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा काढा, आरे बसतात तसे सैल होतात.

घाटावरचा

चढाचं विचारणाऱ्यांसाठी. माणूस, सायकल मिळून १०० किलो, ६ टक्के चढ, वेग ताशी १५ : लागणारी ताकद साधारण ३०० वॅट. २५० वॅटच्या मोटरला पेडलची साथ द्यावीच लागणार. १० च्या वेगाने चढलात तर २०० वॅटच्या आत भागतं, पण हब मोटर इतक्या हळू वेगात अकार्यक्षम होते आणि उरलेली वीज उष्णता बनून आतच राहते. चढ संपल्यावर मोटरला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर थांबा. रोजच्या वाटेत लांब घाट असेल तर क्रँकवर बसणारी मोटर बघा, तिला सायकलचे गिअर वापरता येतात.

सेल_आणि_निकेल

बॅटरीवर तपशिलात लिहितो, कारण चूक झाली तर आग लागते.

३६ व्होल्टला १८६५० या मापाच्या गोल लिथियम सेलची १० मालिकेत, ४ समांतर अशी ४० सेलची बांधणी येते. २.५ अँपिअर-तासाचे सेल असतील तर १० अँपिअर-तास, सुमारे ३६० वॅट-तास. पेडल न मारता थ्रॉटलवरच (हँडलवरच्या वेगाच्या मुठीवर) चालवलं तर किलोमीटरला १० ते १२ वॅट-तास जातात, म्हणजे तीसेक किलोमीटर. पेडल मारलंत तर आणखी.

स्पॉट वेल्डर हाताशी नसेल तर बांधू नका, तयार घ्या. सोल्डरिंग गनने सेलवर थेट टाका मारला की आतलं सील आणि पडदा उष्णतेने खराब होतो. तो बिघाड त्या दिवशी दिसत नाही.

बांधणारच असाल तर क्रम असा. प्रत्येक सेल मोजा, समांतर जोडायच्या सेलमध्ये ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. धन टोकावर बार्ली पेपरची (वीज अडवणाऱ्या जाड कागदाची) चकती लावा, कारण तिथे धन आणि ऋण यांच्यात फक्त प्लास्टिकचं पातळ आवरण असतं आणि निकेलची पट्टी ते घासून काढते. निकेल शुद्ध घ्या, ०.१५ जाड आणि ८ रुंद. निकेलचा मुलामा दिलेलं लोखंड तसंच दिसतं. एक तुकडा ओरखडून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, गंज आला तर परत करा.

बीएमएसची (सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटची) ऋण वायर आधी, बारीक वायरींचा प्लग सगळ्यात शेवटी. प्लग लावण्याआधी मल्टिमीटरने एकेक पिन मोजत जा, प्रत्येक पिनला एका सेलएवढाच, म्हणजे पावणेचार व्होल्टच्या आसपास वाढ दिसली पाहिजे. एक वायर चुकली तर बीएमएस तिथल्या तिथे जळतो.

चार्जर ४२ व्होल्टचाच. लेड ॲसिडचा ३६ व्होल्टवाला चार्जर ४४ पर्यंत जातो. खोक्यावर दोन्हीकडे '३६ व्होल्ट' लिहिलेलं असतं, म्हणून चार्जर जोडण्याआधी त्याचं मोकळं टोक मोजा. मुख्य वायरीत २० ते २५ अँपिअरचा फ्यूज, बॅटरीच्या अगदी जवळ. उन्हातून आल्या आल्या चार्जिंग लावू नका. आणि घराबाहेर पडायच्या वाटेवर, जिन्याखाली तर कधीच लावू नका.

पाचवी_वायर

थ्रॉटलबद्दल कोणी लिहिलं नाही. त्याच्या तीन वायरी : लाल ५ व्होल्ट, काळी ऋण, तिसरी सिग्नल. काळी वायर हँडलच्या वळणावर तुटली तर सिग्नल ५ व्होल्टकडे चढतो आणि साध्या ब्रशवाल्या कंट्रोलरला वाटतं, थ्रॉटल पूर्ण पिळलाय. कंट्रोलरमधला मॉसफेट (मोटरची वीज चालू-बंद करणारा भाग) शॉर्ट झाला तरी तेच होतं, आणि तेव्हा ब्रेकच्या लिव्हरमधला स्विचही काही करू शकत नाही. म्हणून बॅटरीच्या मुख्य वायरीत, बसल्या जागेवरून हात पोचेल असा डीसीचा स्विच किंवा एमसीबी हवा. घरातला एसीचा स्विच डीसीवर ठिणगी धरतो आणि चिकटून बसतो. पहिली चाचणी नेहमी मागचं चाक हवेत ठेवून करा.

पावसासाठी : कंट्रोलरच्या वायरी खाली लोंबून मग वर आत गेल्या पाहिजेत, पाणी त्या वळणावरून गळून पडतं. हब मोटरच्या आसाशीही असंच खाली वळण ठेवा.

नियम_वाचणारा

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या २(यू) प्रमाणे मोटरची तीस मिनिटांची ताकद (सलग अर्धा तास देता येईल ती) २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर ती सायकल मोटार वाहन धरली जात नाही. पेडल साहाय्याच्या सायकलला योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टरही सांगितलाय. मात्र त्यात चाचणी संस्थेची मान्यता गृहीत आहे, पुण्याची एआरएआय ही त्यांतली एक. घरी जुळवलेल्या सायकलकडे तो कागद नसतो, हे लक्षात ठेवूनच वॅट आणि वेग ठरवा. १००० वॅटचं किट घेऊन 'सायकलच आहे' असं म्हणता येणार नाही.

पेट्रोलचं किट विचारणाऱ्यांना : कायद्यातली सूट चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल तरच आहे. '८० सीसी' म्हणून विकलं जाणारं टू-स्ट्रोक ४७ मिलिमीटर बोअर आणि ३८ मिलिमीटर स्ट्रोकचं असतं, म्हणजे ६६ सीसी. '८०' ची पट्टी खोटी असली तरी ६६ सुद्धा सूटीच्या बाहेरच. शिवाय त्याची मागची चक्री रबराच्या दोन चकत्यांमध्ये आरे दाबून ९ बोल्टांनी धरलेली असते. बोल्ट एकसारखे कसले नाहीत तर चक्री वाकडी फिरते आणि तिच्या जवळचेच आरे एकेक करून तुटत जातात.