डॅशबोर्डच्या भेगांना सुपरग्लू नकोच

गाडीच्या डॅशबोर्डला भेगा पडल्या की सुपरग्लूने चिकटवा असं काही जण सुचवतात, पण तो वाळला की कडक होतो. डॅशबोर्ड उन्हात फुगतो, गार झाला की आक्रसतो. मग चिकटवलेल्या जागेच्या कडेनेच नवी भेग पडते. आजूबाजूला पांढुरकी झाक येते ती वेगळीच. त्यापेक्षा लवचीक व्हिनाइल फिलर (भेग भरायची पेस्ट) घ्या. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने भेग नीट पुसा, सिलिकॉनवाल्या पॉलिशचा थर राहिला तर काहीच धरत नाही (चकचकाटाची हौस इथे नडते!). उचललेल्या कडा ब्लेडने तासा. फिलर एकदम न कोंबता पातळ थरांत भरा, वाळल्यावर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा. रंग जुळवणं मात्र जिकिरीचं. आणि भेग एअरबॅगच्या झाकणावर असेल तर हातच लावू नका, तो भाग बदलून घ्या.