पुणे–दिल्ली एक तिकीट, दिल्ली–लंडन दुसरं: सव्वातीन तास पुरतील का?

मुळामुठाकाठी (प्रश्न)

भाची जानेवारीच्या प्रवेशासाठी लंडनला निघतेय. दिल्ली–लंडन जाण्या-येण्याचं तिकीट सवलतीत काढून झालंय, ते आता बदलता येत नाही. पुण्याहून दिल्लीचं तिकीट मात्र वेगळ्या कंपनीचं काढावं लागेल.

जाताना: पुण्याहून दिल्लीला रात्री १०.१० ला पोचणारं विमान, टर्मिनल १. तिथून लंडनचं रात्री १.२५ ला, टर्मिनल ३.
येताना: लंडनहून दिल्लीत सकाळी ११ ला, पुण्याचं विमान दुपारी १.४५ ला.
सामान: २३ किलोच्या दोन बॅगा, हातात ७ किलो.

संध्याकाळी साडेपाचला दिल्लीत पोचणारं दुपारचं विमान घेतलं तर २,८०० रुपये जास्त पडतात आणि पोरीला दिल्लीत ताटकळत बसावं लागतं. घरात दोन तट पडलेत. जाणकारांनी निकाल द्यावा.

लोहगावकर

सव्वातीन तास हा हिशोबच चुकीचा आहे. विमान १.२५ ला सुटतं, पण सामान घेणारा काउंटर बहुतेक कंपन्यांचा ६० मिनिटं आधी बंद होतो, काहींचा ७५. तिकिटावरच्या नियमांत ते दिलेलं असतं, आधी ते वाचा. म्हणजे भाचीचं घड्याळ १२.२५ ला थांबतं आणि हातात उरतात सव्वादोन तास. आता ते कसे संपतात बघा:

१०.१० चाकं टेकली
१०.२५ दार उघडलं
१०.४० पट्ट्यापाशी
११.०० दुसरी बॅग आली (पहिली लवकर येऊन उपयोग नसतो)
११.१० बाहेर
११.५० टर्मिनल ३ च्या दारात, बस धरली तर. टॅक्सी केली तर दहा-पंधरा मिनिटं वाचतील.
१२.०० तिकीट-पासपोर्ट दाखवून आत

उरली पंचवीस मिनिटं, आणि काउंटरची रांग अजून यायचीच आहे. मध्यरात्रीच्या आसपास युरोप-अमेरिकेची विमानं ओळीने सुटतात, टर्मिनल ३ ला सगळ्यात जास्त गर्दी तेव्हाच. हे सगळं विमान वेळेवर आलं असं धरून. जानेवारीत, दिल्लीत, रात्री!

दुपारचं घ्या. २,८०० रुपयांत घासाघीस करण्याची ही जागा नाही.

दोन टर्मिनलांमधली बस पुढचं तिकीट दाखवून मिळते, तेव्हा लंडनच्या तिकिटाची प्रत हाताशी ठेवा. कुठलं विमान कुठल्या टर्मिनलवर हे मधूनमधून बदलतं. आदल्या दिवशी पुन्हा एकदा तपासा.

टॅगपट्टी

वेळेचं वर आलंच आहे, पण सामानाकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. लंडनच्या तिकिटावर ४६ किलो चालतात म्हणून पुणे–दिल्लीवर चालत नाहीत. देशांतर्गत साध्या तिकिटावर साधारण १५ किलो आणि बहुधा एकच बॅग. वरचे ३१ किलो लोहगावच्या (पुणे विमानतळाच्या) काउंटरवर भरायला गेलात तर किलोमागे पाचशेच्या वर धरा, म्हणजे पंधरा हजारांच्या पुढे. दुसऱ्या बॅगेचं शुल्क काही ठिकाणी वेगळं असतं. त्यापेक्षा तिकीट काढतानाच जादा वजन विकत घ्या. ५, १०, १५ किलो असे टप्पे असतात आणि भाव काउंटरपेक्षा कमी पडतो. दोन्ही विमानांची तुलना करताना ही रक्कम तिकिटात मिळवूनच करा. बऱ्याचदा २,८०० चा फरक तिथेच पुसला जातो, कारण एका कंपनीच्या भाड्यात जास्त वजन धरलेलं असतं.

पुण्यात बॅगेला पट्टी लागली की तिच्यावरची तीन अक्षरं वाचा. डी-ई-एल असेल तर बॅग दिल्लीत पट्ट्यावर येणार आणि भाचीनेच ती उचलायची. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन तिकिटांवर ९९ टक्के हेच होतं. काउंटरवर कोणी तोंडी म्हणालं की “थेट लंडनला जाईल”, तर विश्वास पट्टीवर ठेवा, बोलण्यावर नको. बोर्डिंग पासच्या मागे चिकटवतात तो दहा आकडी क्रमांकाचा तुकडा फेकू नका, बॅग हरवली तर तक्रार त्याच क्रमांकावर नोंदवतात.

कलम_आणि_पोटकलम

थोडक्यात कायदा. विमान रद्द झालं आणि वेळेत कळवलं नसेल, तर डीजीसीएच्या (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) नियमांप्रमाणे परताव्याशिवाय भरपाईही असते. प्रवास दोन तासांहून जास्तीचा असेल तर कमाल १०,००० रुपये. पुढचं विमान चुकलं तरी भरपाई आहे, पण नियमातले शब्द आहेत ‘एकाच तिकीट क्रमांकावर’. इथे क्रमांक दोन आहेत. पुणे–दिल्लीवाल्यांची जबाबदारी दिल्लीला संपते, आणि लंडनवाल्यांच्या लेखी भाची नुसती आलीच नाही. धुक्यासारख्या कारणाला तर भरपाईच नाही.

प्रवास विम्याच्या भरवशावर राहू नका. बऱ्याच पॉलिसी भारताबाहेर निघाल्यापासून लागू होतात, पुणे–दिल्ली त्यात बसतच नाही. कागद वाचून खात्री करा.

मुळामुठाकाठी

धन्यवाद मंडळी, डोळे उघडले. दोन शंका. घरूनच वेब चेक-इन करून ठेवलं तर काउंटरची अट सुटेल ना? आणि दुपारचं विमानसुद्धा उशिरा आलं तर काय करायचं?

धुक्यातली_धावपट्टी

नाही सुटणार. वेब चेक-इनचा उपयोग फक्त हातातलं सामान असेल तर. इथे ४६ किलो पट्ट्यावर टाकायचेत, शिवाय व्हिसा पासपोर्टशी जोडलेला आहे का हे कंपनी काउंटरवर पाहते. तरी करून ठेवा, सीट पक्की होते.

उशिराचं कारण समजून घ्या म्हणजे विमान निवडता येईल. एकच विमान दिवसभर फेऱ्या मारतं. सकाळी दिल्लीत धुकं पडलं की पहिली फेरी दोन तास लांबते आणि तो उशीर दिवसभर पुढे सरकत राहतो. पुण्यात लख्ख ऊन असलं तरी तुमचं विमान दिल्लीहूनच यायचं असतं. म्हणून जानेवारीत रात्रीचं शेवटचं विमान सगळ्यात वाईट, दुपारचं बरं. मात्र पहाटेचं घेऊ नका, ते नेमकं धुक्याच्या वेळेत दिल्लीवर पोचतं. निघायच्या दिवशी विमानाचा माग दाखवणाऱ्या अॅपवर आपलं विमान याआधी कुठून येतंय ते पाहा. ते अजून दिल्लीतच उभं असेल, तर ‘वेळेवर’ असा बोर्ड कितीही चमको, तुम्ही समजून जा.

आता दुसरी शंका. उशीर दिसला की घाई पुण्यातच करायची, दिल्लीत पोचल्यावर नाही:

साडेपाचचं विमान तीन तास उशिरा असेल तरी जमतं. पण ९ नंतर पोचणार असं दिसलं, तर पुण्याच्या काउंटरवर त्याच कंपनीचं आधीचं दुसरं विमान मागा. उशीर त्यांचा असेल तर बरेचदा फुकट बदलून देतात, मात्र मागावं लागतं.

तेही नसेल तर लंडनच्या कंपनीला लगेच फोन. तिकीट ‘बदलता येत नाही’ म्हणतात तेव्हाही पैसे भरून तारीख बदलण्याची सोय असू शकते, ती सुटण्याच्या काही तास आधीपर्यंतच. ती वेळ उलटली की नो-शो, म्हणजे प्रवासी आलाच नाही अशी नोंद. मग त्या तिकिटाचे फक्त कर आणि विमानतळ शुल्क परत मिळतात, तेही मागितले तर. आणि सगळ्यात मोठा फटका: जाण्याचा टप्पा चुकला की त्याच तिकिटावरचा परतीचा टप्पाही आपोआप रद्द होतो. मुलीला तो परत यायच्या वेळी कळेल.

लोहगावकर

परतीबद्दल कोणी बोललं नाही. ११ ला उतरून १.४५ चं विमान म्हणजे काउंटर १२.४५ ला बंद, हातात पावणेदोन तास. त्यात इमिग्रेशन, पट्टा, कस्टम आणि पुन्हा टर्मिनल बदल. नाही जमणार. पण इथे चुकलं तर जातं ते पाच-सहा हजारांचं देशांतर्गत तिकीट, लंडनचं नव्हे. म्हणून परतीला चार तासांचं अंतर ठेवलं तरी चालेल, सात तास बसायची गरज नाही. दुपारी साडेतीनच्या पुढचं पाहा. जाताना पैसे वेळेवर खर्च करा, येताना वाचवा.

पुणे–दिल्ली आणि दिल्ली–पुणे एकाच बुकिंगमध्ये काढू नका. ऐनवेळी पुण्याहून रस्त्याने वा रेल्वेने जावं लागलं, तर त्या बुकिंगचा परतीचा टप्पाही वर सांगितल्यासारखाच उडतो. दोन स्वतंत्र एकमार्गी तिकिटं काढा, भावात फारसा फरक पडत नाही.

भाचीने इमिग्रेशनच्या जलद रांगेसाठी नाव नोंदवावं. ही सोय दिल्लीत जून २०२४ पासून आहे आणि भारतीय पासपोर्टवाल्यांना फुकट आहे. बोटांचे ठसे द्यायला एकदा प्रत्यक्ष जावं लागतं, तेव्हा निघायच्या आठवड्यात ठेवू नका.

टॅगपट्टी

साडेपाचला पोचल्यावर एक अडचण राहते. लंडनचा काउंटर सुटण्याच्या तीन-चार तास आधी उघडतो, तोवर दोन्ही बॅगा तिच्याजवळच. टर्मिनल १ ला पट्ट्यापाशीच ट्रॉली घ्या, टर्मिनल ३ ला दुसरी घ्यावी लागेल. पासपोर्ट, प्रवेशपत्र, औषधं आणि चार्जर पाठीवरच्या पिशवीत, बॅगेत नाही. आणि पॉवर बँक तर चेक-इन बॅगेत चालतच नाही. स्कॅनिंगला सापडली की बॅग उघडायला बोलावतात आणि तिथे पुन्हा वीस मिनिटं जातात.