विजयी सैनिक छावणीबाहेर का थांबत?

प्रश्न : प्राचीन इब्री (हिब्रू) धर्मशास्त्रानुसार युद्ध देवाच्या आज्ञेने होत असेल, तर शत्रूला मारून परतलेला सैनिक अशुद्ध का ठरत असे? बायबलमधल्या गणना ग्रंथाच्या ३१व्या अध्यायात मिद्यानी लोकांवर विजय मिळवूनही सैनिकांना सात दिवस छावणीबाहेर राहावे लागते, तिथे मी अडलो आहे.

प्रतिसाद १ : इथे अशुद्धी म्हणजे पाप नव्हे. प्रेताला स्पर्श झाला की, तो रणांगणावर असो वा स्वतःच्या घरात, विटाळ होतोच, आणि तांबड्या कालवडीची राख मिसळलेले पाणी तिसऱ्या व सातव्या दिवशी शिंपडल्यावर तो फिटतो. लुटीतले सोने, रुपे, लोखंड, कथील, शिसे आधी विस्तवातून काढायचे, मग याच पाण्याने शुद्ध करायचे. विस्तवात न टिकणारी वस्तू केवळ पाण्यातून काढायची.

प्रतिसाद २ : बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथाचा २३वा अध्यायही पाहावा. परमेश्वर छावणीत फिरतो, म्हणून शौचासाठीही बाहेर जाऊन, खड्डा खणून तो बुजवावा, असे तिथे सांगितले आहे. छावणी जणू पवित्रस्थानच होती.

प्रतिसाद ३ : मला त्याच ग्रंथाचा २०वा अध्याय अधिक हेलावतो. याजक सैन्याला धीर देतो. त्यानंतर अधिकारी नवे घर बांधलेल्याला, द्राक्षमळ्याचे पहिले फळ न चाखलेल्याला, वाग्दत्त वधू असलेल्याला आणि भ्यालेल्यालाही घरी पाठवतात. मिश्नाने (ज्यू मौखिक धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहाने) मात्र ही सवलत ऐच्छिक युद्धापुरती ठेवली. अनिवार्य युद्धात नवरदेवालाही जावे लागे. याच अध्यायात फळझाडे तोडण्यास मनाई आहे आणि कनानी नगरांच्या समूळ संहाराची आज्ञाही आहे, ती नजरेआड करून हा अध्याय वाचणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.