कर्टिसचा मृत्यू बाजूला ठेवून 'क्लोजर' ऐकता येतो का?

खर्जातला

जॉय डिव्हिजन या इंग्लिश रॉक बॅन्डचा 'क्लोजर' हा अल्बम कॉलेजपासून माझ्यासोबत आहे. पण त्याचा विषय निघाला की दोन वाक्यांत गाडी गायक इयन कर्टिसच्या शेवटावर जाते. १८ मे १९८० ला तो गेला, वय २३, बॅन्ड अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायच्या बेतात होता, अल्बम जुलैत आला. सगळं खरं आहे, आणि वाईट वाटतंच. तरी एक गोष्ट लक्षात घ्या: रेकॉर्डिंग मार्चमधलं आहे, लंडनच्या ब्रिटानिया रो स्टुडिओतलं (हो, पिंक फ्लॉइडवाल्यांचाच तो). कव्हरवरचा जेनोव्याच्या दफनभूमीतला फोटोही तो हयात असतानाच ठरला होता. म्हणजे टेपवर जी उदासी आहे ती त्या बातमीच्या आधीची आहे.

मला ती सगळ्यात जास्त ड्रममध्ये ऐकू येते. निर्माता मार्टिन हॅनेटला प्रत्येक ड्रमचा आवाज सुटा लागायचा, एकाचा दुसऱ्यात मिसळलेला चालायचा नाही. त्यामुळे स्टीफन मॉरिस वाजवतो तेव्हा ठोक्याठोक्यांमधली रिकामी जागा कळते. 'हार्ट अँड सोल'मध्ये बेस आणि ड्रम पुढे, गाणारा माणूस मागे कुठेतरी. 'द इटर्नल'मध्ये पियानो इतक्या सावकाश चालतो की ऐकताना आपला श्वासही मंदावतो. यातलं काही समजायला चरित्र माहीत असावं लागत नाही.

तुमच्याकडे असा कुठला अल्बम आहे? नुसती यादी नको. कुठलं गाणं, कुठलं वाद्य, ते लिहा.

रंगभवनचा_पोरगा

धागा आवडला, पण पूर्ण सहमत नाही. पिंक फ्लॉइडचा 'विश यू वेअर हिअर' घ्या. तो अल्बम गैरहजर माणसाबद्दलच आहे. सिड बॅरेट वगळला तर उरतं काय? ५ जून १९७५ ला तो ॲबे रोड स्टुडिओत येऊन बसला, डोकं आणि भुवया भादरलेल्या, अंग सुटलेलं, आणि ज्यांच्यासोबत त्याने बॅन्ड काढला त्यांनाच तो आधी ओळखू आला नाही. हे कळल्यापासून मला तो अल्बम पूर्वीसारखा ऐकता आलेला नाही.

पण तुमच्या बाजूनेही एक सांगतो. आमच्या वेळी मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव बघून आलेली पोरं एकमेकांना कॅसेटी भरून द्यायची. मला मिळालेल्या कॅसेटीला ना कव्हर, ना गाण्यांची नावं. सिड कोण हे मला माहीतच नव्हतं. तरी 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'मधले गिल्मोरच्या गिटारवरचे ते चार सूर आले आणि मी हातातलं काम थांबवलं. बॅन्डमधल्या वॉटर्सलाही ते गाणं सुचलं ते त्या चार सुरांवरूनच.

ओली_गच्ची

माझं उत्तर: द क्युअर, 'डिसइंटिग्रेशन', मे १९८९. आणि मुद्दाम हा सांगतेय, कारण रॉबर्ट स्मिथ व्यवस्थित जिवंत आहे. तिशी आली या धास्तीतून निघालेला अल्बम आहे हा. इतक्या साध्या भीतीतून इतकं मोठं काही होऊ शकतं! उदास अल्बम खरा ठरायला कुणाला मरावं लागत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चाहते म्हणून आपण कलाकारांकडून नकळत ती किंमत मागत असतो.

आता वाद्याचं. यात गाणारा उशिरा येतो. 'प्लेनसाँग'मध्ये अडीच मिनिटं उलटून जातात, तोवर सिंथचे पडदे आणि सावकाश चाललेला बेस एवढंच. शब्द येईपर्यंत आपण आधीच आत शिरलेले असतो. 'द सेम डीप वॉटर ॲज यू' नऊ मिनिटांच्या वर आहे, मागे पाऊस आणि गडगडाट. ते हेडफोनवर ऐका, काम करता करता नको. आणि एलपीऐवजी सीडीची आवृत्ती घ्या. जागेअभावी मूळ एलपीवरून दोन गाणी गाळली होती, त्यातलं 'होमसिक' गमावण्यासारखं नाही.

स्टॉकपोर्टकर

मी कामानिमित्त इकडेच, इंग्लंडात स्टॉकपोर्टला असतो. जॉय डिव्हिजनचा पहिला अल्बम 'अननोन प्लेझर्स' झाला तो स्ट्रॉबेरी स्टुडिओ आमच्या गावातला. स्टुडिओ बंद पडला, इमारत आहे. कर्टिसचं मॅकल्सफील्डही जवळच.

खर्जातला, तुमच्या म्हणण्याला जोड देतो. कर्टिस तिथल्या रोजगार कार्यालयात नोकरीला होता, अपंगांना काम मिळवून द्यायचा. तिथे येणाऱ्या एका मुलीला फिट्स यायच्या, पुढे ती गेली. 'शी'ज लॉस्ट कंट्रोल' तिच्यावरून आलं. लोक ते त्याच्या स्वतःच्या आजाराचं, फिट्सचं, गाणं म्हणून ऐकतात. 'क्लोजर'च्या पहिल्याच गाण्याचं नाव जे. जी. बॅलर्डच्या पुस्तकावरून आहे. हा माणूस वाचत होता, दुसऱ्यांकडे बघत होता. त्याच्या प्रत्येक ओळीला डायरी समजणं म्हणजे त्याचं लेखक असणंच नाकारणं.

आणि हॅनेटबद्दल: 'अननोन प्लेझर्स' ऐकल्यावर बॅन्डमधले हुक आणि समनर दोघेही नाराज होते. त्यांना स्टेजवरचा धसमुसळा आवाज हवा होता. हॅनेटने जागा मोकळी केली, आणि आज आपण त्या मोकळ्या जागेवरच बोलतोय.

शून्य_प्रहर

ॲलिस इन चेन्स, 'जार ऑफ फ्लाइज', १९९४. सिएटलच्या स्टुडिओत गाणी तयार नसताना गेले आणि आठवड्याभरात हे करून बाहेर पडले. बिलबोर्डच्या अल्बम यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आलेली ही पहिली ईपी (म्हणजे अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड). 'नटशेल'मध्ये गायक लेन स्टेली ओरडत नाही, भीक मागत नाही, सरळ सांगून मोकळा होतो. मागे कँट्रेलची गिटार. बास.

खर्जातला

ओली_गच्ची, ती 'किंमत मागण्या'ची गोष्ट मनाला लागली. मी म्हणू पाहत होतो ते तुम्ही नेमकं म्हटलंत.

रंगभवन, बिनकव्हरच्या कॅसेटीहून चांगला पुरावा मला मिळणार नाही. फक्त 'उरतं काय' याला उत्तर देतो: पिंक फ्लॉइडच्या राइटचे कीबोर्ड उरतात. शेवटच्या भागात तो जवळजवळ एकट्याने अल्बम घरी नेतो, आणि तिथे शब्दच नाहीत.

स्टॉकपोर्टकर, आता खास तुमच्यासाठी. न्यू ऑर्डरचा 'मूव्हमेंट', १९८१. कर्टिसनंतर जॉय डिव्हिजनमधले उरलेले तिघे, सोबत गिलियन गिल्बर्ट, निर्माता पुन्हा हॅनेट, स्टुडिओ पुन्हा तुमचा स्ट्रॉबेरी. 'कर्टिसशिवायचा' म्हणून लोकांनी तो बाजूला टाकला. समनर आणि हुक घाबरत गातात, हे मान्य. पण 'द हिम'मध्ये मॉरिस काय वाजवतो ते ऐका. तीच रिकामी जागा, तोच सुटा ठोका. ऐकून झालं की सांगा, तुम्हाला त्यात शोक ऐकू येतो की नुसता हॅनेट?