मदत हवी आहे: जी31 मदरबोर्डवर 1333 बसचा (प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यात डेटा नेणारा मार्ग) प्रोसेसर टाकायचाय

घरचा जुना पीसी, इंटेल जी31 चिपसेटचा (बोर्डवरची मुख्य नियंत्रक चिप) बोर्ड, पेंटियम ई2180 प्रोसेसर, डीडीआर2 667 ची 2 जीबी रॅम. सीपीयू-झेडमध्ये (पीसीची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) बस स्पीड 200 मेगाहर्ट्झ आणि रेटेड एफएसबी (फ्रंट साइड बस, म्हणजे हीच प्रोसेसरची बस) 800 दिसतं, म्हणजे 200 गुणिले 4, एवढं कळलं. आता सेकंडहँड कोअर 2 ड्युओ ई8400 मिळतोय, त्याची बस 1333, म्हणजे 333 गुणिले 4, वॅट दोघांचे 65 च त्यामुळे एसएमपीएसची (पीसीचा पॉवर सप्लाय) काळजी नाही. बोर्डवर 1333 छापलंय, बायोसही (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलाय. नवीन बोर्डचं बजेट नाही, आणि हा पीसी चांगला चालतोय, टाकवत नाही.

667 रॅमचा खरा क्लॉकही 333 च, मग ती प्रोसेसरच्या बसबरोबर एकास एक चालेल ना? की 800 ची रॅम घेतल्याने खरंच फरक जाणवेल? आणि 333 बायोस आपोआप सेट करेल की बोर्डवरचा जंपर (सेटिंग बदलायची छोटी पिन-टोपी) हलवावा लागतो?